गल्लीतल्या चायनीजमध्ये जेवायचं तर: आधी कढई बघा, मग ऑर्डर द्या

डोंबिवलीत आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांवर एक चायनीज आहे. आठ टेबलं, दाराशी काउंटर, काउंटरमागे काच आणि काचेपलीकडे धडधडणाऱ्या भट्टीवर एक मोठी कढई. बाजूला सुपाचं पातेलं आणि तळणीची वेगळी कढई. स्वयंपाकघर एवढंच. मी तिथे सोळा-सतरा वर्षं जाते आहे. आधी आईबाबांबरोबर, मग मैत्रिणींबरोबर, आता मुलीला घेऊन. त्यातली बरीच वर्षं मी एक चूक करत होते. टेबलावर बसलो की मेन्यूकार्ड उघडायचं, प्रत्येकाला काय हवं ते विचारायचं आणि सुपापासून राइसपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकायचं. मग सूप अर्धं असतानाच नूडल्स यायच्या, ग्रेव्ही सगळ्यात शेवटी, तोवर राइस थंड. वाटायचं, इथली सर्व्हिसच अशी.

एका शनिवारी पार्सलसाठी चाळीस मिनिटं काउंटरशी उभी राहिले, तेव्हा काचेपलीकडे नीट बघितलं. मुख्य कढई एक आणि तिच्यासमोर माणूसही एकच. प्रत्येक प्लेटला तो दोन-तीन मिनिटं देत होता: तेल, लसूण, भाज्या, राइस किंवा नूडल्स, सॉस, आठ-दहा वेळा उडवणं, प्लेट. मग कढईत पाण्याचा फवारा, ब्रशचा एक हात आणि पुढची ऑर्डर. टेबलावर काय कधी येणार हे तो हातातल्या चिठ्ठ्यांवरून ठरवत होता आणि माझ्यासारखे लोक त्याला सगळ्या चिठ्ठ्या एकदम देत होते.

तेव्हापासून माझी ऑर्डर बदलली आणि तीच जागा, तोच आचारी, तेच सॉस असूनही जेवण कितीतरी चांगलं लागायला लागलं. खालची पद्धत त्या अनुभवातून आलेली आहे. डोंबिवली असो, कोथरूड असो की नाशिकचं कॉलेज रोड, कढईचं गणित सगळीकडे तेच.

भट्टीमागे काय चालतं

ऑर्डर देण्याआधी एवढं माहीत असलं की बाकीचं आपोआप सुचतं. संध्याकाळी दुकान उघडण्याआधी बहुतेक तयारी झालेली असते. भात कणभर कच्चा ठेवून शिजवून, पसरून गार केलेला असतो. गार भाताचा वरचा थर सुकतो, स्टार्च घट्ट होतो, म्हणून कढईत शितं सुटी राहतात. गरम ताज्या भाताचा फ्राइड राइस केला तर लगदा होतो. नूडल्स उकडून, तेल चोळून ठेवलेल्या असतात. कोबी, गाजर, सिमला मिरची उभी चिरलेली, लॉलीपॉप आणि मंचुरियनचे गोळे अर्धवट तळलेले. तुमची ऑर्डर आल्यावर दुसऱ्यांदा तळतात, आणि कुरकुरीतपणा येतो तो या दुसऱ्या तळणीतून.

या भट्टीचा जाळ आपल्या घरच्या गॅसच्या कित्येक पट असतो. त्या जाळावर सॉस कढईच्या कडेला लागून क्षणात करपट-गोड होतो आणि तो धुरकट वास राइसला लागतो. घरी तोच सॉस, तीच भाजी वापरून ती चव येत नाही, कारण जाळ कमी पडतो. पण जाळालाही मर्यादा आहे. कढईत एका वेळी तीन-चार फुल राइस टाकले की तिची उष्णता उतरते, भाज्या पाणी सोडतात आणि सगळं परतण्याऐवजी वाफेवर शिजतं. गर्दीच्या वेळी चार टेबलांनी एकच पदार्थ मागितला तर आचारी ते एकत्रच टाकणार. त्याचा दोष नाही, त्याला वेळ गाठायची असते.

कधी जायचं

शनिवार-रविवारी साडेआठ ते दहा टाळा. सव्वासातला पोहोचा. तळणीचं तेल नुकतंच तापलेलं असतं, आचारी ताजा असतो आणि तुमची एक प्लेट म्हणजे एकच प्लेट असते.

दुसरी गोष्ट आपल्याकडची खास. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशी यांपैकी कुठला ना कुठला वार बहुतेक मराठी घरांत पाळला जातो. म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवारी चिकनला मागणी जास्त आणि त्या दिवशी माल ताजा. मंगळवारी मला चिकन खायचं असेल तर मी आधी विचारते, "दादा, चिकन आज आलंय ना?" उत्तर देताना वेटर जरा घुटमळला तर पनीर किंवा मशरूम घेते. श्रावणात तर हा प्रश्न प्रत्येक वेळी. उलट गटारीच्या दिवशी माल ताजा असतो, पण कढईला श्वास घ्यायला उसंत नसते; त्या रात्री मी घरीच जेवते.

नवी जागा असेल तर दारातली दोन मिनिटं

आत शिरण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे वास. तळणीचं तेल जुनं असलं तर रस्त्यापर्यंत येणाऱ्या वासाला एक खवट, घशाला लागणारी धार असते. शक्य असेल तर तेलाचा रंगही बघा: काळपट, वर न विरणारा फेस आणि सतत धूर दिसला तर तळलेलं काही मागवू नका. वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांचं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं तयार होणाऱ्या घटकांचं) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल स्वयंपाकात वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा) नियम १ जुलै २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण नाक असतं.

दुसरी, भिंतीवरचा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक. तो बिलावरही असावा लागतो. तिसरी म्हणजे भात आणि नूडल्स कुठे ठेवल्यात. झाकलेल्या, स्वच्छ डब्यात दिसल्या तर मन निवांत होतं. भट्टीशेजारच्या उष्णतेत उघड्यावर ढीग घातलेला असेल तर मी पुढे जाते. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू तासन् तास कोमट अवस्थेत वाढतो, आणि त्यानं तयार केलेलं एक विष नंतर कितीही कडकडीत परतलं तरी नष्ट होत नाही.

मेन्यूकार्ड वाचायची युक्ती

दीडशे-दोनशे पदार्थांचं कार्ड बघून गांगरून जायला होतं. खरं तर त्यामागे सहा-सात सॉस असतात आणि ते चिकन, पनीर, मशरूम, बेबीकॉर्न, कोबी, कोळंबी यांच्याशी गुणलेले असतात. सॉस ओळखले की कार्ड एका पानात मावतं.

मंचुरियन म्हणजे बारीक चिरलेलं आलं, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस, कॉर्नफ्लॉरचा दाटपणा आणि वर कोथिंबीर किंवा कांद्याची पात. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश आहे, पण हा पदार्थ तिथला नाही, आपल्या मुंबईचा आहे. कोलकात्यात चिनी कुटुंबात जन्मलेले नेल्सन वांग १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये स्वयंपाक करत असताना त्यांनी चिकनचे तुकडे कॉर्नफ्लॉरमध्ये घोळवून तळले, आलं-लसूण-हिरव्या मिरचीच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया घातला आणि हे नाव दिलं, असं सांगितलं जातं. म्हणून मंचुरियन खाताना "हे खरं चायनीज नाही" अशी तक्रार मला पटत नाही. ते खरं मुंबईचं आहे, आणि मुंबईच्या पदार्थासारखंच ते पारखावं: लसूण करपलेला नको, हिरवी मिरची जाणवायला हवी.

चिली म्हणजे चौकोनी कापलेला कांदा, सिमला मिरची, सोया आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. चिली चिकन, चिली पनीर, चिली मशरूम सगळं यातच. हॉट गार्लिकमध्ये लसूण पुढे, लाल मिरची मागे. स्वीट अँड सावरमध्ये केचप, व्हिनेगर, साखर आणि कधी अननस. मुलांना हेच आवडतं.

शेजवानवर मी जरा थांबते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त मागितलं जातं ते हेच. लाल सुक्या मिरच्या भिजवून वाटायच्या, भरपूर लसूण, तेल सुटेपर्यंत परतायचं, थोडं व्हिनेगर, थोडी साखर. मूळ शब्द चीनच्या सिचुआन प्रांताचा. तिथल्या जेवणाची ओळख एका फळाच्या सालीवर आहे. ती चावली की जिभेला मुंग्या येतात. आपल्या गल्लीतल्या शेजवानमध्ये ते नसतं. पण गंमत अशी की त्याची सख्खी बहीण आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात आहे: तिरफळ. दोन्ही एकाच वनस्पतिकुळातली, एकाच जातसमूहातली. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चावल्यावर जिभेवर जे झिणझिणतं, त्याच घराण्यातली चव सिचुआनी माणूस रोज खातो. मी घरी शेजवान चटणी करते तेव्हा बिया काढलेली दोन-तीन तिरफळं भाजून, भरडून घालते. एकदा करून बघा.

हाक्का नूडल्स या नावामागेही एक समाज आहे. हाक्का हे दक्षिण चीनमधून कोलकात्यात येऊन स्थायिक झालेले लोक; टांग्रा भागात त्यांचे चामडं कमावण्याचे कारखाने होते आणि तिथूनच भारतीय चायनीजची चव देशभर गेली. १९६२च्या युद्धानंतर या समाजातल्या लोकांसह सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं, काहींना वर्षानुवर्षं. आपण सहज "एक हाक्का" म्हणतो, तेव्हा हे लोक आठवावेत असं मला वाटतं.

आता युक्ती. एका जेवणात एक सॉस एकदाच. शेजवान राइसबरोबर शेजवान ग्रेव्ही घेतली तर दुसऱ्या घासानंतर जीभ फक्त मिरची ओळखते. शेजवान राइस असेल तर ग्रेव्ही मंचुरियन किंवा साधी गार्लिक. मंचुरियन स्टार्टर झालं असेल तर पुढे साधा बर्न्ट गार्लिक राइस.

चौघांसाठी ऑर्डर, टप्प्याटप्प्यानं

इथे घाई करू नका, सगळं जेवण यावर आहे.

बसल्याबसल्या फक्त सूप सांगा. "दादा, दोन मंचाव, वन बाय टू. बाकीचं सूप आल्यावर सांगते." वन बाय टू म्हणजे एक सूप दोन वाट्यांत, चौघांना दोन पुरतात आणि पुढच्या जेवणाला पोटात जागा राहते. मंचावबरोबर येणाऱ्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या वाटीत मागा आणि चमचाभर सुपाबरोबर थोड्या थोड्या टाका. आधीच सगळ्या ओतल्या तर दोन मिनिटांत त्यांची शेवयांची खीर होते. आजी-आजोबा असतील तर स्वीट कॉर्न किंवा लंग फंग घ्या; मंचाव त्यांना जास्त तिखट पडतं. टेबलावरच्या व्हिनेगरमधल्या मिरच्या, सोया आणि चिली सॉस सूप चाखल्यानंतरच घाला. आचाऱ्यानं मीठ घातलेलं असतं आणि सोया म्हणजे मुख्यतः मीठच.

सूप टेबलावर आलं की स्टार्टर सांगा. एकच. तळलेला ड्राय पदार्थ आल्या आल्या खायचा असतो, म्हणून लॉलीपॉप आणि क्रिस्पी चिली पनीर एकदम मागवू नका. दोन्ही एकत्र येतील आणि एक नक्की मऊ पडेल. लॉलीपॉपबरोबर शेजवान चटणीची वाटी येते, ती चटणी बाजूला ठेवून बुडवून खा, वर ओतू नका.

लॉलीपॉप हातानं खायचा पदार्थ आहे. चिकनच्या पंखाचा वरचा भाग घेऊन मांस हाडावरून ओढून गोळा केलेलं असतं. हाड धरायला म्हणूनच ठेवलेलं असतं. काटा-चमच्यानं खायचा प्रयत्न केला तर अर्धं मांस हाडाला राहतं.

स्टार्टर संपत आला की मुख्य जेवण. चौघांसाठी माझा हिशोब असा: एक फुल राइस, एक हाफ नूडल्स, एक ग्रेव्ही. एवढ्यानं भागतं. कमी पडलं तर आणखी एक हाफ मागवा; तो ताजा येतो. दोन फुल राइस हवेच असतील तर एक आता, एक दहा मिनिटांनी. वेटरला कारण सांगा: "एकदम करू नका, गरम गरम खाऊ." चांगले वेटर हे लगेच समजतात.

ग्रेव्ही आणि राइस मात्र एकत्र आलेच पाहिजेत, तेवढं स्पष्ट सांगा. ग्रेव्ही आधी आली तर गार होऊन कॉर्नफ्लॉर घट्ट होतं, साय धरते. आणि तिच्यातून वाढून घ्यायला वेगळा चमचा ठेवा, तोंडात घातलेला चमचा बाउलमध्ये बुडवू नका. स्वच्छतेपलीकडेही याला कारण आहे: लाळेतलं अमायलेज हे विकर कॉर्नफ्लॉरचा स्टार्च तोडतं आणि दाट ग्रेव्ही दहा मिनिटांत पाण्यासारखी पातळ होते. घरी अनेकांना वाटतं की "ग्रेव्हीनं पाणी सोडलं", ते बहुतेक वेळा याचमुळे.

ट्रिपल शेजवानबद्दल वेगळं सांगते, कारण कॉलेजातली मुलं त्याच्यावरच तुटून पडतात. त्यात राइस, नूडल्स, ग्रेव्ही आणि वर तळलेल्या नूडल्स, कधी ऑम्लेट, असं सगळं एका प्लेटमध्ये. दोघांना पोटभर. पण आचाऱ्याला त्यासाठी कढई दोन-तीनदा लावावी लागते. गर्दीत हे मागवलं तर वाट बघायची तयारी ठेवा, किंवा गर्दी नसेल तेव्हा मागवा. अमेरिकन चॉप्सी या सगळ्यात वेगळी: कुरकुरीत नूडल्सवर गोड-आंबट लाल ग्रेव्ही आणि वर तळलेलं अंडं. ती आली की पाच मिनिटांत संपवायची, नाहीतर कुरकुरीतपणा गेला.

चायनीज भेळ मात्र आठ टेबलांच्या जागेत मागवू नका. ती गाडीवरच खावी, उभ्यानं, कागदी प्लेटमध्ये, तळलेल्या नूडल्स हातानं मोडून तिथल्या तिथे कालवलेली. टेबलावर पोहोचेपर्यंत ती ओली होते.

शाकाहारी, जैन, अॅलर्जी असलेले

हिरवा ठिपका असला तरी काही गोष्टी विचाराव्यात. पहिला प्रश्न: "व्हेज सुपाला पाणी वापरता की स्टॉक?" काही ठिकाणी एकच चिकनचा स्टॉक सगळ्याला असतो. दुसरा: "व्हेजची कढई वेगळी आहे का?" एकच कढई असेल तर ती प्रत्येक पदार्थानंतर धुतली जाते, पण कडक पाळणाऱ्यांना ते चालत नाही, त्यांनी शुद्ध शाकाहारी ठिकाणीच जावं, तिथे आचारीही निवांत, आपणही. तिसरा: नूडल्समध्ये अंडं आहे का. अनेक पॅकेट एगलेस असतात, पण सगळी नाहीत. काही सॉसमध्ये ऑयस्टर सॉस असतो. त्याचा उल्लेख वेटर स्वतःहून करत नाही.

जैन ऑर्डर दिली की कांदा-लसूण नसेल, पण आलं? गाजर? "जैन" एवढ्याच शब्दावर न थांबता काय नको ते एकेक सांगा. मुंबई-ठाण्यात बहुतेकांना सवय आहे, पण नवा आचारी असेल तर नक्की सांगा.

गव्हाची अॅलर्जी असेल तर चायनीज अवघड आहे. सोया सॉसमध्येही बहुतेकदा गहू असतो, नूडल्स मैद्याच्या. शेंगदाणे, काजू, कोळंबी यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तळणीचं तेल वेगळं आहे का ते विचारावं. एकाच तेलात कोळंबी आणि बेबीकॉर्न दोन्ही तळले जातात.

अजिनोमोटो, रंग आणि मीठ

अजिनोमोटोवर आपल्याकडे फार भीती पसरली आहे. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबू या समुद्री शेवाळाच्या सुपातली चव वेगळी काढली, ती ग्लुटामेटची; त्याचंच मीठ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, आपलं अजिनोमोटो. टोमॅटोत, मशरूममध्येही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतं. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरनं चायनीज खाल्ल्यावर मानेला बधिरपणा येतो असं पत्र लिहिलं आणि तिथून भीती सुरू झाली. नंतर लोकांना न सांगता ते देऊन केलेल्या चाचण्यांत तसा सातत्यानं परिणाम दिसला नाही. एक वर्षाखालच्या बाळांना ते देऊ नये, अशी सूचना आपल्याकडे पॅकेटवर छापावी लागते. बाकीच्यांनी "अजिनोमोटो नको" म्हटलं तर आचारी घालत नाही, पण मग मीठ वाढवतो, आणि काळजी करायची असेल तर मिठाची करावी. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. एक मोठा चमचा सोया सॉस म्हणजे साधारण ९०० मिलीग्रॅम सोडियम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० मिलीग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माझ्या बाबांसाठी मी सांगते, "सोया अर्धा, मीठ वरून नको." ते ऐकलं जातं.

रंगाची गोष्ट वेगळी, आणि त्यात मी ठाम आहे. लॉलीपॉप आणि गोबी मंचुरियन भडक लाल दिसावं म्हणून कृत्रिम रंग घालतात. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन सापडले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी घातली, रंगही कारण आणि अस्वच्छताही. घरी ओळखायची सोपी खूण अशी: मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात फारसा नाही. ओला पांढरा टिश्यू स्टार्टरवर दाबून बघा. नुसत्या तेलकट केशरी छटेऐवजी गुलाबी-लाल पाण्याचा डाग पसरला तर तो रंग आहे. बोटांना लागून साबणानंही न निघणारा लालपणा हीसुद्धा तीच खूण.

"रंग घालू नका" हे ऑर्डर देताना सांगून उपयोग होत नाही, कारण लॉलीपॉप आधीच लाल मसाल्यात मुरवलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "रंग न घातलेलं काय आहे?" चिली, बर्न्ट गार्लिक, सॉल्ट अँड पेपर, ग्रेव्हीतलं मंचुरियन हे सहसा तपकिरी असतात. आणि मालक काउंटरवर असेल तर शांतपणे सांगा की रंग नसला तर आम्ही जास्त येऊ. आमच्या चायनीजमध्ये तीन-चार घरांनी हे सांगितल्यावर आता लॉलीपॉप काश्मिरी मिरचीचं असतं. दिसायला जरा फिकं, चवीला कितीतरी चांगलं.

टेबलावरची माणसं

आपल्याकडच्या बऱ्याच चायनीज स्वयंपाकघरांत नेपाळ, दार्जिलिंग, आसाम, मिझोराममधली मुलं असतात. घरापासून हजारो किलोमीटर दूर, रात्री बारापर्यंत भट्टीसमोर. त्यांना "ए चिनी" म्हणून हाक मारणारे लोक मी ऐकलेत, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटतं. नाव विचारा, "दादा" म्हणा. एकदा ओळख झाली की तेच सांगतात, "ताई, आज कोळंबी नको, सकाळची आहे." ही माहिती कुठल्याच कार्डावर मिळत नाही.

टीप काउंटरवर न ठेवता वेटरच्या हातात द्या आणि "आत पण द्या" असं म्हणा. भट्टीमागचा माणूस टेबलापर्यंत कधीच येत नाही.

बिल

साध्या रेस्टॉरंटच्या बिलावर ५ टक्के जीएसटी असतो. पण अनेक लहान ठिकाणं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांसाठीच्या सोप्या कर योजनेत) असतात; त्यांना ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि तसं बिलावर लिहिणं बंधनकारक आहे. बिलावर ती ओळ असूनही जीएसटी लावलेला दिसला तर विनम्रपणे दाखवा.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे तसे नियम जुलै २०२२ पासून आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. एकदा एका जागी मला तो काढून द्यायला नकार मिळाला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचं नाव घेतलं, आणि पाच मिनिटांत नवं बिल आलं.

पार्सल आणि दुसरा दिवस

पार्सलसाठी नियम उलटे. लॉलीपॉप, क्रिस्पी, चॉप्सी, तळलेल्या नूडल्स असलेलं काहीच नको. वाफ धरून पंधरा मिनिटांत सगळं मऊ होतं. राइस आणि ग्रेव्ही छान टिकतात, पण ग्रेव्ही वेगळ्या डब्यात. नूडल्स मधल्या पायरीच्या: घर जवळ असेल तर घ्या. मंचाव नेत असाल तर कुरकुरीत नूडल्सची पुडी वेगळी मागा, आणि सुपाचा डबा गळणार नाही अशा पिशवीत उभा ठेवून न्या.

घरी उरलेला राइस गप्पा संपेपर्यंत टेबलावर ठेवू नका. दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये जायला हवा. खोल डब्यात मधला भाग तासन् तास कोमट राहतो. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई धूर निघेपर्यंत तापवा, अर्धा चमचा तेल, दोन पाकळ्या लसूण ठेचून. राइसवर एक चमचा पाणी शिंपडा, मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं, सगळीकडून वाफ निघेपर्यंत परता आणि मूठभर बारीक चिरलेली कांद्याची पात शेवटी घाला. एका वेळी एकाच्याच पुरता राइस. चौघांचा एकदम टाकलात तर घरच्या गॅसवरही तो वाफेवरच शिजतो.